नवी चीज निवडताना आधी मुखडा बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ४४. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झालेली, मग वीस वर्षांचा खंड. आता गावच्या महिला भजनी मंडळात गातात, पेटीही स्वतःच धरतात. घरात तीन जुनी पुस्तकं आणि मोबाईलवर चाळीसेक पीडीएफ आहेत. त्या लिहितात, "दर महिन्याला काहीतरी नवीन काढते आणि आठ दिवसांत सोडून देते. चीज निवडायची तरी कशी? सध्या समोर तीन कागद आहेत. दरबारीतला विलंबित ख्याल, एक द्रुत तराणा आणि शेजारणीने दिलेलं कन्नड दासरपद. यातलं कुठलं घेऊ?"

ताई, आठ दिवसांत सुटतं याचं कारण आळस नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी निम्म्यांचं असंच होतं. निवडतानाच चूक झालेली असते. आपण पुस्तक उघडतो आणि रागाचं नाव बघून चीज, म्हणजे बंदिश, ठरवतो. दरबारी आवडतो, मालकंस आवडतो, म्हणून त्यातली समोर येईल ती उचलतो. राग आवडणं ठीकच आहे, पण रोज घोटायचा असतो तो मुखडा, म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन पोचणारा चिजेचा सुरुवातीचा तुकडा. मध्यलय तीनताल मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत गायलात तर १६ मात्रांचं एक आवर्तन सहा सेकंदांत संपतं. म्हणजे मिनिटाला दहा आणि दहा मिनिटांत शंभर आवर्तनं. दर तिसऱ्या आवर्तनाला मुखड्यावर आलात तरी तो तीस-पस्तीस वेळा गावा लागतो. एवढ्या वेळा म्हणूनही ज्याचा कंटाळा येत नाही तोच मुखडा घ्यायचा. तोच राग दुसऱ्या एखाद्या चिजेतही सापडेल.

हे कागदावर कसं ओळखायचं? पेन्सिल घ्या. विष्णु नारायण भातखंड्यांच्या पद्धतीच्या नोटेशनमध्ये समेच्या मात्रेखाली फुली असते, 'खाली'च्या (टाळी न वाजवण्याच्या) मात्रेखाली शून्य आणि टाळ्यांखाली २, ३ असे आकडे. फुलीभोवती गोल करा. मुखडा जिथे सुरू होतो तिथून त्या गोलापर्यंत किती मात्रा आहेत त्या मोजा. तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. समेला यायला आठ मात्रा मिळतात, श्वास पुरतो आणि साथीदारालाही अंदाज येतो. तेराव्या मात्रेपासून उठणाऱ्या मुखड्याला चारच मात्रा असतात. तो ठसकेबाज असतो, पण आलापातून परतताना नवख्या माणसाची तिथे तारांबळ उडते. मग समेवर कुठला स्वर पडतो ते बघा. भूप असेल आणि सम गंधारावर असेल, किंवा बागेश्रीत मध्यमावर, तर समेला आल्यावर राग आपोआप उभा राहतो, कारण ते त्या रागांचे वादी, म्हणजे मुख्य, स्वर आहेत. सम एखाद्या निसटत्या स्वरावर असेल तर चीज वाईट ठरत नाही, पण ती जमलेल्या गळ्यासाठी आहे. खंडानंतर पहिली चीज म्हणून तिला हात घालू नका.

यानंतर पेटी बंद ठेवून, नुसत्या तानपुऱ्यावर (मोबाईलमधला चालेल) तो मुखडा वीस वेळा म्हणा. दहाव्या वेळेनंतर तुम्ही त्यात आपसूक थोडं इकडेतिकडे करू लागलात, कुठे स्वर लांबवला, कुठे शब्द मागे ओढला, तर ती चीज तुमची. विसाव्या वेळीही पहिल्यासारखाच सरळ येत असेल तर पान उलटा.

पण त्याआधी कागद कुठल्या पद्धतीत लिहिला आहे ते बघायला हवं, आणि तुमच्याकडे जुनी पुस्तकं आहेत म्हणून हे जरा थांबून सांगतो. आपल्या भागात पलुसकर पद्धतीची पुस्तकं अजून घराघरांत सापडतात. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीचे, तेव्हा ते साहजिकच आहे. पुढच्या पिढ्या मात्र भातखंड्यांच्या खुणांवर वाढल्या. दोन्हीकडे खुणा सारख्या दिसतात आणि अर्थ उलटे निघतात. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार (वरच्या) सप्तकातला, पलुसकरांच्या लिपीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक. पलुसकर तार स्वरावर उभी रेघ देतात, भातखंडे तीच उभी रेघ तीव्र मध्यमाला देतात. कोमल स्वराला भातखंड्यांकडे खाली आडवी रेघ, पलुसकरांकडे अक्षराचा पाय मोडलेला. समेला भातखंड्यांची फुली, पलुसकरांचा १ हा आकडा. पलुसकरांकडचं अधिकचं चिन्ह म्हणजे खाली, आणि घाईत वाचणाऱ्याला ते फुलीसारखंच दिसतं.

सोळाव्या वर्षी मी यात फसलो. कोणाकडून तरी मिळालेल्या, पानं पिवळी पडलेल्या पुस्तकातून केदारातली एक चीज निवडली. निवडायचं मुख्य कारण असं की अंतरा, म्हणजे चिजेचा दुसरा भाग, खालच्या स्वरांतला वाटला. माझा आवाज नुकताच फुटला होता आणि वर जायला धजत नव्हता. वरच्या षड्जावर उभी रेघ होती, ती काय ते अंदाजाने कळलं. पण मध्यमावर तीच रेघ दिसली आणि हात सवयीने तीव्र मध्यमाकडे गेला. केदारात दोन्ही मध्यम आहेत, त्यामुळे शंकाही आली नाही. तीन आठवडे मी वरच्या षड्जावरून खाली तीव्र मध्यमावर येत राहिलो. गुरुजींसमोर गायला बसलो तेव्हा अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला त्यांनी पेटीचा भाता थांबवला आणि पुस्तक मागितलं. त्या मध्यमावर बोट ठेवून तो स्वर गाऊन दाखवला, तार सप्तकातला शुद्ध मध्यम, वरच्या षड्जावरून सरळ वर झेप. तिथे माझा आवाज त्या वर्षी पोचतच नव्हता. ती चीज बाजूला ठेवावी लागली आणि तीन आठवड्यांत घोटलेली चुकीची उतरण पुढे दोन वर्षं केदार गाताना मधेच डोकं वर काढायची. तेव्हापासून नवा कागद हातात आला की आधी खुणांचा तक्ता शोधतो. तो पहिल्या चार पानांत असतो. पीडीएफ करणाऱ्याने नेमकी तीच पानं गाळलेली असतील तर समेची खूण बघायची. फुली असेल तर भातखंडे, १ असेल तर पलुसकर.

त्याला जोडूनच पट्टीचं बघा. अस्ताईतला (चिजेच्या पहिल्या भागातला) सर्वांत खालचा आणि अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर शोधून दोन्हीवर खूण करा. तुमची पट्टी काळी चार धरली आणि अंतरा तार पंचमाला जात असेल, तर तो स्वर पेटीवर वरच्या काळी दोनवर येतो. तिथे एकदा ओझरतं जाणं वेगळं आणि भजनाच्या शेवटी, आवाज दमल्यावर, तिथे उभं राहणं वेगळं. तार गंधारापर्यंत जाणाऱ्या चिजा आधी घ्या. मंडळात गायचं असेल तर निकष आणखी कडक लावा, कारण वीस बायकांची पट्टी एक नसते. सगळ्यांना जमेल अशी चाल मंद्र पंचमाच्या खाली आणि तार गंधाराच्या वर जात नाही. हा माझा अनुभव आहे.

आता दासरपदाचा, म्हणजे कन्नड हरिदास संतांच्या भजनाचा, कागद. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त आनंद याचाच झाला. आपल्याकडे मराठी घरात पुरंदरदास आणि कनकदास गायचे यात नवल वाटायचं कारण नाही. गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यांच्या पदांना कानडी चालीही होत्या. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून एखाद्या माहीत असलेल्या गाण्याची सुरुवात दिलेली असते. तेच त्या काळचं नोटेशन होतं. ज्याच्या कानात ती मूळ चाल आहे त्याला एक ओळ पुरायची. पुढे भीमसेन जोशींनी दासरपदं आणि मल्लिकार्जुन मन्सूरांनी लिंगायत संतांची वचनं हिंदुस्थानी ढंगात गायली, तेव्हा तुमच्यासारख्या गळ्यासाठी वाट तयार आहे.

पण कागद नीट बघा. शेजारणीने दिलेला कागद कर्नाटक पद्धतीच्या पुस्तकातला असेल तर त्यात कोमल-तीव्राच्या खुणा स्वरागणिक नसतात. वर रागाचं नाव असतं आणि स्वर कुठले ते त्यावरून समजून घ्यायचे असतात. राग हिंदोळम् लिहिलं असेल आणि खाली नुसते स ग म द नि असतील, तर ते गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल आहेत. तो आपला मालकंस आहे, आपला हिंदोल नव्हे. मोहनम् म्हणजे भूप, कल्याणी म्हणजे यमन. स्वल्पविराम दिसला तर स्वर एक घटक लांबवायचा, अर्धविराम दिसला तर दोन. हे न कळता पेटीवर नुसती पांढरी बटणं दाबली तर भलतंच काहीतरी वाजेल आणि दोष दासरपदाला लागेल.

त्याहून नाजूक गोष्ट शब्दांची आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन उच्चार आहेत, दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत एकच मात्रा. त्यामुळे मराठीत उतरवून घेतलेल्या कागदावर 'कोडु' असं दिसतं. ऱ्हस्व म्हटलं तर 'दे', दीर्घ म्हटलं तर 'शिंग'. देवाकडे काहीतरी मागणाऱ्या ओळीत चालीचा लांबवलेला स्वर नेमका त्या ओकारावर आला, तर ऐकणाऱ्या कन्नड माणसाच्या कपाळाला आठी पडते. 'केरे'चंही तसंच, ऱ्हस्व म्हणजे तळं, दीर्घ म्हणजे धामण. तुमची शेजारीण आहेच. तिला ते पद न गाता, नुसतं वाचून दाखवायला सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. मग मूळ कन्नड अक्षरं समोर ठेवून जिथे दीर्घ आहे तिथे लाल पेनने आडवी रेघ मारा. एक संध्याकाळ लागेल. चांगल्या चालीत लांबण दीर्घ अक्षरावरच येते. तुमच्या कागदावर ती सारखी ऱ्हस्वावर पडत असेल तर ते नोटेशन कुणीतरी घाईत, भाषा न कळता केलं आहे, दुसरं शोधा.

मराठी अभंगाच्या पीडीएफलाही अशीच एक कसोटी आहे. 'ळ' शोधा. 'सावळे'चं 'सावले' आणि 'डोळे'चं 'डोले' झालं असेल तर टंकणाऱ्याने चालही कानाने तपासलेली नसते, असं मी गेली कित्येक वर्षं बघतो आहे.

मंडळासाठी निवडताना आणखी एक सोपी युक्ती करा. एका वेळी चाल तरी नवी घ्या किंवा शब्द तरी नवे घ्या. दोन्ही नवे घेतले की बायका वहीत डोकं घालतात आणि टाळ चुकतो. मोठ्या अभंगाच्या चरणाचे चार तुकडे ६, ६, ६, ४ अक्षरांचे असतात, छोट्याचे साधारण ८, ८. एका मोठ्या अभंगाची नवी चाल आवडली तर तिच्यात मंडळाला आधीच पाठ असलेला दुसरा मोठा अभंग बसवून बघा, थोड्या ओढाताणीने बहुतेक बसतोच. महिन्याभराने चाल अंगवळणी पडली की मूळ शब्द घ्या. तुमच्या भजनाच्या क्रमात कुठे भोक आहे तेही बघा. रूपाचे अभंग दहा आणि गौळणी दोनच असतील तर अकरावा रूपाचा अभंग आणून उपयोग नाही. आणि कागदावरचा ताल मोजा. गावातल्या पखवाजवाल्याचा हात आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर बसलेला असतो. झपतालाच्या दहा किंवा रूपकाच्या सात मात्रांची चाल आणलीत तर आधी त्याच्यासोबत दोन संध्याकाळी बसा. ते शक्य नसेल तर ती चाल घरी गा, मंडळात नको.

पेटीवर एकट्याने वाजवायला निवडताना निकष वेगळा. पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. बटण दाबलं की स्वर उभाच येतो. म्हणून ज्या चिजेचं सौंदर्य घसरत्या, झुलत्या स्वरात आहे ती पेटीवर अर्धीच उतरते. स्वर सुटे, शब्दाला एक-एक स्वर, आणि लयीत खेळायला जागा असलेल्या चिजा घ्या. नाट्यपदं आणि मध्यलय बंदिशी यासाठी सोन्यासारख्या. बेळगावला रामभाऊ विजापुऱ्यांची (१९१७–२०१०) पेटी ज्यांनी समोर बसून ऐकली त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही निदान त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका आणि काय वाजवलं यापेक्षा काय सोडून दिलं तिकडे लक्ष द्या.

चिजा कुठून आणायच्या? भातखंड्यांची क्रमिक पुस्तक मालिका, सहा भाग. पहिले तीन भाग तुम्हाला दोन वर्षं पुरतील. मूळ मालिका मराठीतच लिहिलेली आहे, हाथरसची हिंदी आवृत्ती जास्त सहज मिळते. भातखंडे १९३६ साली गेले, त्यामुळे मूळ मराठी पुस्तकांच्या हक्काची मुदत केव्हाच संपली, त्यांची झेरॉक्स काढायला हरकत नाही. हयात रचनाकारांच्या चिजा मात्र विचारून घ्या. या मालिकेतली लक्षणगीतं रागाचे नियम पाठ करायला उत्तम, पण बैठकीत गायला मी कधी सुचवत नाही. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास' वाचायला जरूर घ्या, मुखडा किती तऱ्हांनी उठू शकतो ते त्यात दिसतं. गायला मात्र ध्वनिमुद्रण ऐकूनच घ्या. आणि एकच बंदिश दोन पुस्तकांत वेगळी दिसली तर घाबरू नका. आपल्याभोवती मिरजेला अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरला अल्लादिया खाँ, इचलकरंजीला बाळकृष्णबुवा अशी तीन घराण्यांची ठाणी होती. पाठभेद असणारच. जो पाठ तुमच्या गुरूच्या किंवा तुम्ही लहानपणापासून ऐकलेल्या गायकाच्या जवळ जातो तो घ्या आणि त्यावरच टिकून राहा.

आता तुमचे तीन कागद. दरबारी ठेवून द्या. विलंबित ख्यालाचं नोटेशन म्हणजे नुसता सांगाडा, एका मात्रेच्या पोटात काय काय होतं ते लिहिताच येत नाही, आणि दरबारीचा आंदोलित गंधार तर कागदावरही येत नाही आणि पेटीवरही नाही. तो समोर बसूनच घ्यावा लागतो. शिवाय हा राग मंद्रात राहतो, आणि वीस वर्षांच्या खंडानंतर तुमचा खालचा आवाज अजून भरलेला नसणार. तराणा रोज दहा मिनिटं, निम्म्या लयीत, जीभ मोकळी करायला घ्या. त्यातले बोल आणि स्वर कागदावर भरवशाचे असतात. पण कार्यक्रमात घ्यायची घाई नको, द्रुत तीनतालाला तबलजी लागेल.

दासरपद घ्या. शेजारणीकडून उच्चार करून, पल्लवीची (धृपदाची) ओळ मुखड्यासारखी वीस वेळा म्हणून बघा, वर सांगितलेली कसोटी तिलाही लागू आहे. सोबत स्वतःसाठी भूप किंवा बागेश्रीतली खालीपासून उठणारी एक मध्यलय बंदिश निवडा. दोनच. तुमची पट्टी कुठली, आणि पदाच्या कागदावर वर रागाचं नाव काय लिहिलं आहे, एवढं कळवा. अंतऱ्याला तुम्हाला कुठवर जावं लागेल ते पुढच्या वेळी सांगतो.